फ्रेंच सिनेमा, विजयाबाई आणि एक न काढलेला फोटो

परवा नातीचा पुण्याहून फोन आला. त्यांच्या विद्यापीठात तीन दिवस फ्रेंच सिनेमांचा महोत्सव आहे, आणि स्वयंसेवक म्हणून तिच्या गळ्यात ओळखपत्रसुद्धा पडलंय. फार खुशीत होती. बोलता बोलता तिने विचारलं, "आबा, तुम्ही कधी फ्रेंच सिनेमा बघितलाय का हो?" हिंगोलीसारख्या ठिकाणी उभं आयुष्य काढलेल्या निवृत्त मास्तराला असा प्रश्न थट्टेनेच विचारतात. मी म्हटलं, "दोन बघितलेत. एक चौतीस मिनिटांचा आणि दुसरा सहा तासांचा." तिला वाटलं आबा चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. म्हणून हे लिहायला बसलो.

चौतीस मिनिटांचा म्हणजे आल्बेर लामोरिस यांचा 'लाल फुगा', १९५६ सालचा. आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं, विद्यापीठाच्या आवारातच. दिवसभर पाठ टाचणं आणि मूल्यमापन करून डोकं उठलेलं. संध्याकाळी एका हॉलमध्ये सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर पॅरिसच्या मेनिलमाँताँ भागातल्या गल्ल्या उमटल्या. एक लहान पोरगं, आणि त्याच्या मागेमागे शाळेपर्यंत येणारा फुगा. बोलणं जवळजवळ नाहीच. गंमत म्हणजे ज्यात कोणी फारसं बोलत नाही, त्या सिनेमाला पटकथेचं ऑस्कर मिळालेलं आहे! मी परत येऊन पाचवीच्या वर्गात ती गोष्ट फळ्यावर चित्रं काढत सांगितली. त्यानंतर कित्येक वर्षं पोरं मागे लागायची, "गुरुजी, ती फुग्याची सांगा."

सहा तासांच्या सिनेमाची गोष्ट मात्र एवढी सोपी नाही. ती सांगायची तर आधी एका मराठी बाईंबद्दल सांगावं लागेल.

(जाता जाता एक. आपल्या देशात पहिल्यांदा दाखवलेली चलच्चित्रं फ्रेंचच होती. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या. तिकीट एक रुपया. पुढचा इतिहास आपण सातवीपासून शिकवतो, इथे नको.)

विजया मुळे यांचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल कोण जाणे. पण दूरदर्शनवर लागणारी ती चिमण्यांची गोष्ट, जाळ्यासकट उडून जाणाऱ्या, ती मात्र सगळ्यांना ठाऊक असणार. 'एक अनेक और एकता', १९७४ सालचा फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट. तो विजयाबाईंचा. चालणाऱ्या-बोलणाऱ्या चित्रांतून एकवचन-अनेकवचन आणि त्यासोबत आणखी बरंच काही त्यांनी सात-आठ मिनिटांत शिकवलं. भीमसेन यांची चित्रं होती. आमच्याकडे टीव्ही उशिरा आला, पण आल्यावर मी तो लघुपट इतक्या वेळा पाहिला की बायको म्हणायची, आता तुम्हीच त्यात जाऊन बसा.

विजयाबाई १९२१ साली मुंबईत जन्मल्या. लग्न होऊन पाटण्याला गेल्या. तिथल्या विद्यापीठात बायकांना बाहेरून परीक्षा देता यायची, म्हणून शिक्षण पुढे चालू राहिलं. १९४६ साली शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकायला गेल्या. युद्ध नुकतंच संपलेलं, सगळीकडे रेशन, हातात पैसा बेताचा. अशा दिवसांत विद्यापीठातल्या फिल्म सोसायटीत त्यांना जगाचा सिनेमा भेटला. शिकायला गेल्या शिक्षणशास्त्र, आणि सोबत घेऊन आल्या हे वेड! परत आल्यावर पाटण्यात फिल्म सोसायटी काढली, मग दिल्लीत. १९५९ साली देशभरातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला. अध्यक्ष सत्यजित राय, आणि चिदानंद दासगुप्तांच्या बरोबरीने संयुक्त सचिव आमच्या विजयाबाई. परदेशी वकिलातींकडून सिनेमे मागायचे, रिळांच्या पेट्या रेल्वेने एका गावाहून दुसऱ्या गावाला पाठवायच्या, फाटलेली रिळं जोडायची, असा तो उद्योग. आज कॉलेजांच्या आवारात जे महोत्सव भरतात, त्यांच्यामागे त्या पेट्या आहेत. (अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या त्या आई, हे नव्या वाचकांसाठी.)

आता फ्रान्सकडे वळू. १९६७ च्या अखेरीला लुई माल नावाचा फ्रेंच दिग्दर्शक भारतात आला. वय पस्तीस, नाव झालेलं. त्याच्या सरकारने त्याला आठ नवे फ्रेंच चित्रपट घेऊन पाठवलं होतं. दिल्ली, कोलकाता, मद्रास, मुंबई असं फिरायचं, सिनेमे दाखवायचे, दोन शब्द बोलायचे आणि परत जायचं. म्हणजे नातीच्या महोत्सवासारखाच महोत्सव, फक्त चार शहरांत फिरणारा. पण झालं उलटंच. दाखवायला आलेला माणूस बघतच राहिला. पॅरिसला जाऊन त्याने दोन सोबती घेतले, कॅमेऱ्याला एतिएन बेकेर आणि आवाजाला जाँ-क्लोद लोरो. १९६८ च्या जानेवारीत तिघे परत आले. हातात पटकथा नाही, कसला आराखडा नाही. मे महिन्यापर्यंत देशभर हिंडले आणि जवळपास तीस तासांचं चित्रण घेऊन गेले. त्यातून 'कोलकाता' हा एक सिनेमा निघाला आणि दूरचित्रवाणीसाठी सात भागांची एक मालिका. नाव 'लांद फांतोम', आपल्या भाषेत सांगायचं तर 'भासमान भारत' किंवा 'भुतासारखा दिसून न दिसणारा भारत'. विजयाबाई तेव्हा कोलकात्यात होत्या. त्यांचा आणि मालचा चांगला स्नेह जुळला. हुगळीत समुद्राची भरती भिंतीसारखी चढून येते, तिच्यावरचा विजयाबाईंचा पहिला लघुपट याच काळातला.

१९७० साली बीबीसीने ही मालिका दाखवली आणि भडका उडाला. इंग्लंडमधले भारतीय चिडले, आपल्या उच्चायुक्तालयाने निषेध नोंदवला, प्रक्षेपण थांबवा म्हणून सांगितलं. बीबीसीने ऐकलं नाही. मग आपल्या सरकारने बीबीसीचं दिल्लीतलं कार्यालयच बंद करायला लावलं. मी तेव्हा बी.ए.ला होतो. वाचनालयात वर्तमानपत्रात ही बातमी वाचून आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बरं केलं! आमचं दारिद्र्य दाखवून पैसे कमावतात काय! सिनेमा आमच्यापैकी एकानेही बघितला नव्हता, हे सांगायची गरज नाही.

ही टाळी माझ्या डोक्यात राहिली, आणि तीन वर्षांनी ती भलत्याच ठिकाणी वाजली.

१९७२-७३ चा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना वर्णन नको. ज्यांनी नाही पाहिला त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. आमची हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका (जिल्हा झाली १ मे १९९९ ला). विहिरी आटलेल्या, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी, कामावर सुकडी. मला नोकरी लागायची होती. शिकलेला म्हणून खडी फोडण्याच्या कामावर हजेरी लिहायला मला घेतलं. सकाळी मस्टर उघडायचं, एकेकीचं नाव पुकारायचं, खूण करायची. त्या मस्टरवर माझ्या मायचंही नाव होतं. मुलगा सावलीत बसून हजेरी घेतोय आणि माय उन्हात खडी फोडतेय, हे मला तेव्हा फार टोचत असे. तिला मात्र त्याचं काही नव्हतं. उलट चारचौघींत सांगायची, मस्टर माझं पोरगं लिहितंय.

एके दिवशी जीप आली. एक गोरा पाहुणा, गळ्यात दोन कॅमेरे, सोबत शहरातला एक दुभाषा. कुठून आले, कशासाठी, मला माहीत नाही. पाहुणा बायांच्या रांगेसमोर उकिडवा बसला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. नेमकी समोर माय होती. डोक्याला पदर बांधलेला, हातात हातोडा. माझ्या डोक्यात सणक गेली. धावत गेलो आणि कॅमेऱ्यासमोर हात धरला. बी.ए.चं जेवढं इंग्रजी होतं तेवढं सगळं एका दमात बोललो. पाहुणा गडबडला, सॉरी म्हणाला, कॅमेरा खाली केला. जीप निघून गेली. मला वाटलं आपण मोठं काम केलं. आजूबाजूच्या पोरांनी पाठ थोपटली.

माय काही बोलली नाही. संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाली, "काढू द्यायचा होतास की रे. त्यो आम्हाला बघायलाता, आम्ही बी त्याला बघायलोच होतो."

माय १९७८ साली गेली. तिचा एकही फोटो नाही. लग्नात काढायची पद्धत नव्हती आणि नंतर कोणाला सुचलं नाही. नातवंडांना पणजी कशी दिसायची हे मी तोंडी सांगतो, आणि दर वर्षी थोडं थोडं बदलून सांगतो असा मला संशय आहे.

असो. मालची मालिका मी पाहिली ती निवृत्तीनंतर. पुतण्याने कॉम्प्युटरवर लावून दिली. इंग्रजी निवेदन मालने स्वतःच केलंय, फ्रेंच वळणाचं. माझ्या कानाला एकेक भाग दोनदा ऐकावा लागला. पहिल्याच भागाचं नाव 'अशक्य कॅमेरा'. सुरुवातीला इंग्रजी बोलणारे भारतीय येतात आणि देशाबद्दल भराभर मतं देतात. माल म्हणतो की आमच्याशी बोलतात ती हीच मूठभर माणसं, बाकीच्यांची भाषा आम्हाला येत नाही. मग शेतं, रस्ते, देवळं, कोळी, मोर्चे. शेवटच्या भागात मुंबई, आणि तिच्यात स्थापनेला दोन वर्षंही न झालेली शिवसेना. आणि सगळीकडे कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारी माणसं. बघू नका, असं त्यांना सांगायचं नाही हे त्याने ठरवून टाकलं होतं. एवढ्या गोष्टीसाठी मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देतो.

मात्र मास्तर म्हणून एक लाल रेघ मारल्याशिवाय राहवत नाही. सहा तासांत हा गृहस्थ स्वतः किती बोलतो! मला कळत नाही, मला कळत नाही, असं प्रामाणिकपणे सांगतो, पण सांगत राहतो तोच. शेतातल्या बाईला नाव विचारत नाही. दुभाषा मिळाला असता. आमच्याकडच्या पाहुण्याबरोबर होता, त्यानेही विचारलं नव्हतं. आणि मीही दुभाष्याला "यांना विचारा" असं म्हटलं नाही. मी विचारलं नाही ते मायला. कॅमेऱ्यासमोर हात धरण्याआधी तिच्याकडे वळून एक शब्द विचारायला किती वेळ लागला असता?

सरकारनेही तेच केलं. मालिकेत जी माणसं होती, त्यांना कोणी विचारलं की तुम्हाला दाखवलं ते चाललं का? रागावले ते लंडनमधले आणि दिल्लीतले, आणि टाळ्या वाजवल्या आम्ही.

विजयाबाईंनी या साऱ्याकडे फार शांतपणे पाहिलं. परदेशी चित्रपटांत भारत कसा दिसत आला, राजे-महाराजे आणि योगी यांच्यापासून गांधींपर्यंत आणि पुढे, यावर त्यांनी इंग्रजीत एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ते २०१० साली आलं, म्हणजे तेव्हा बाई एकोणनव्वद वर्षांच्या! मी सत्तरी ओलांडल्यावर दोन पानं लिहून दमतो. बाईंची गोष्ट वाचताना मला नेहमी वाटतं की मूळची शिक्षिका म्हणून त्यांना हे जमलं. पोरगं चुकीचं उत्तर देतं तेव्हा त्याला ते उत्तर कुठून सुचलं हे आधी बघायचं असतं, छडी नंतर. २०१९ च्या मे महिन्यात अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन त्या दिल्लीत वारल्या. मराठी वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या असतील.

हे सगळं नातीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आबा, पणजीचं नाव काय होतं?" आता बघा, वीस वर्षांची पोर, आणि हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मस्टरवर लिहायचो तसं पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट.

त्यांच्या महोत्सवाच्या यादीत माल नाही, सगळे अलीकडचे सिनेमे आहेत. 'लाल फुगा' मात्र पहिल्याच दिवशी आहे, सकाळी दहाला, शाळेच्या मुलांसाठी. पुढच्या वर्षी मालिकेतला निदान पहिला भाग तरी ठेवा म्हणून फ्रेंच विभागाच्या मॅडमना विचारून बघते म्हणाली. ठेवला तर मी पुण्याला जाणार आहे. गुडघे काय म्हणतील ते तेव्हा बघू.