शरणपूरची आफ्रिकन लेकरे आणि त्यांची इंग्रजी विद्या

जुबिलीच्या मंगल समयी आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वजांचे स्मरण करणे उचितच होय. परंतु ज्या भूमीवर आपण प्रार्थना करितो, तेथे आपल्यापूर्वी कोण राहून गेले, हेही जाणून घेतले पाहिजे. आपली पंचवटी वनवासाची भूमी म्हणून सर्व हिंदुस्थानास ठाऊक आहे. गोदेच्या पैलतीरी, नाशिकच्या पश्चिमेस, एकोणिसाव्या शतकात आणखी एक वनवास घडला. त्याची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

इ. स. १८५४ च्या सुमारास अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीचे रे. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. शरणपूर रोड या नावात तिची खूण आजही टिकून आहे. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबते भरभरून गुलाम नेत असत. ब्रिटिश आरमाराने अडविलेल्या गलबतांतील कित्येक मुले मुंबईस उतरविली जात आणि त्यांपैकी काहींस शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आश्रय मिळे. आईबापांचा पत्ता नाही, गाव कोणत्या दिशेस ते ठाऊक नाही, अशी ती लेकरे होती. निरनिराळ्या जमातींची असल्यामुळे त्यांस एकमेकांची बोलीही समजत नसे. त्यांस सुतारकाम व लोहारकाम शिकविले, इंग्रजी लिहावयास वाचावयास शिकविले, आणि नावेही इंग्रजीच दिली.

या विद्येचे फळ लवकरच दिसले. १८६४ मध्ये विल्यम जोन्स व इस्माएल सेमलर हे येथील दोघे तरुण मोंबासाजवळील रबई येथे मिशनकार्यास गेले. १८६५ मध्ये डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आले, तेव्हा त्यांनी आपल्या अखेरच्या प्रवासासाठी नाशिकचे नऊ तरुण निवडले. १८७२ मध्ये स्टॅन्लीने झांझिबारहून जी मदतीची तुकडी धाडली, तीत शरणपूरचाच जेकब वेनराइट होता.

मे १८७३ मध्ये चितांबोच्या गावी, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन मरण पावले. सोबत्यांनी त्यांचे हृदय झाडाखाली पुरले. त्या वेळी उत्तरक्रियेच्या प्रार्थना जेकबने वाचल्या, झाडावर अक्षरे कोरली आणि सामानाची यादीही त्यानेच लिहिली. मग त्या इमानी माणसांनी ते शव शेकडो कोस वाहून समुद्रापर्यंत आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब होता.

येथे एक गोष्ट आम्हांस सांगितलीच पाहिजे. चुमा व सुसी यांनी लिव्हिंग्स्टनची सेवा कित्येक वर्षे केली होती, जेकबने पुरते एक वर्षही नव्हे. तरी मिशनने खर्च केल्यामुळे जेकब दफनास पोहोचला. ते दोघे मागाहून इंग्लंडास गेले. इंग्रजी लेखणीने एकाचे नाव वर आणिले. इतरांचे खांदे तितकेच थकले होते.

१८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रेअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत प्राइससाहेबांच्याच हातून उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचे नाव तिला दिले होते. नाशिकचे आफ्रिकन तेथे गेले व शिक्षक आणि कारागीर झाले. लोक त्यांस ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. इंग्रजीत ते साहेबांशी बरोबरीने बोलत, पण बरोबरीचा मान त्यांस मिळेना, तंटे झाले. जन्मभूमीत परतूनही ते पाहुणेच ठरले, कारण नाव, पेहराव व भाषा ही सारी दूरदेशीची होती. तथापि त्यांचे काम थांबले नाही. १८८५ मध्ये जोन्स व सेमलर यांस डीकनपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशप हॅनिंग्टन मारले गेले, तेव्हा उरलेला तांडा जोन्सनेच परत आणिला.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आज आपली मुलेही परदेशी वाढतात, आणि घरीही इंग्रजी शाळेत जातात. विद्या खचित घ्यावी. तिने अनाथ जेकबला वाचा दिली. परंतु शरणपूरच्या लेकरांची मायबोली दुष्टांनी हिरावून नेली होती. आपल्या मुलांची ती कोणी हिरावलेली नाही. ती आपण आपल्याच हातांनी टाकून देऊ नये. सायंकाळची प्रार्थना घरोघरी मराठीत होत राहो, एवढेच आमचे मागणे आहे.