दुसरा गिअर

जुनी मोटार विकत घेणे हे बरेचसे जुन्या वळणाच्या सोयरिकीसारखे आहे. पाहायला जावे त्या दिवशी सगळे गोड बोलतात; खरा स्वभाव कळतो तो पुढच्या आठवड्यात. निवृत्तीच्या पैशातून मी एक जीप-पिकअप घेतली. गाडी १९६० च्या आसपासची. पुढे विलीस जीपचे ओळखीचे तोंड आणि मागे उघडा हौदा. घरच्या मंडळींचा विरोध होता. तो कशासाठी होता, हे मला आठ दिवसांत समजले.

घेताना गाडी आकाशवाणी चौकापासून चिकलठाण्यापर्यंत चालवून पाहिली होती. रस्ता सपाट, गाडी टॉप गिअरमध्ये, आवाज म्हणून नाही. पुढच्या रविवारी खुलदाबादला निघालो. दौलताबादच्या तटाचा दरवाजा ओलांडला, घाट लागला, दुसरा गिअर टाकला, आणि पेटीतून जात्यात खडे पडावेत तसा आवाज येऊ लागला. एका वळणावर तर दांडा आपणहून न्यूट्रलमध्ये येऊन बसला. गाडी मागे सरकू लागली. मागे उसाचा ट्रॅक्टर होता. ब्रेक चांगले होते, म्हणून ही हकिकत सांगायला मी आहे.

पण मोटारीला हे गिअरचे लोढणे हवेच कशाला? आपल्या शहरातली पाणचक्की पाहा. पाणी उंचावरून पात्यांवर पडते, चाक फिरते, आणि त्याच उभ्या दांड्यावर वरच्या खोलीतली जात्याची तळी फिरते. मध्ये दातेरी चाक नाही. मनमाड–हैदराबाद रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इथून धावू लागली. तिच्या वाफेच्या इंजिनालाही गिअरपेटी नव्हती. वाफ उभ्या जागेवरून पूर्ण जोराने दट्ट्या रेटते. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नाही. ते सावकाश फिरत असेल तर त्याच्यात दम नसतो, आणि ओझे पडले की बंदच पडते. म्हणून इंजिन जोरात फिरवायचे आणि चाके हळू, अशी तडजोड मध्ये कुणीतरी करून द्यावी लागते. ती तडजोड म्हणजे गिअर.

पॅरिसच्या एमिल लेव्हासोरने १८९१ च्या सुमारास ही मांडणी मोटारीत बसवली: दातेरी चाके दांड्यावर सरकवून एकमेकांत अडकवायची. चाके वेगवेगळ्या वेगाने फिरत असत, त्यामुळे दाते दातांवर आपटत, करकर होई, तुकडे पडत. पुढे लुई रेनोने १८९८ साली एक फार शहाणपणाची गोष्ट केली. वरच्या गिअरमध्ये त्याने इंजिनाचा दांडा आणि मागे जाणारा दांडा सरळ एकमेकांना जोडून टाकले. खालचा जोडदांडा फिरतो, पण त्याच्यावर ओझे येत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; माझ्या फसवणुकीचे मूळ तिच्यातच आहे.

करकर मात्र राहिलीच. ती थांबवायला १९२८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश आला. दाते भिडण्याआधी एक पितळी कडी शंकूवर घासते आणि दोन्ही चाकांचा वेग सारखा करून देते, एवढेच त्याचे काम. आधी ओळख करून द्यायची, मग गाठ मारायची.

जड गाड्यांना ही सोय बरीच उशिरा मिळाली. निजामाच्या सरकारी रेल्वेने १९३२ साली हैदराबाद संस्थानात रस्ता-वाहतुकीचे खाते काढले, ते २७ बसगाड्या आणि १६६ नोकरांवर. सरकारने स्वतः बस चालवण्याचा हा देशातल्या पहिल्या प्रयोगांपैकी एक. मुंबई राज्यातली एस. टी. त्यानंतर सोळा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झाली, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. ग्लासगोच्या अल्बियन कंपनीच्या गाड्या या निजामी खात्यात होत्या, आणि पुढे या खात्याच्या गाड्या मराठवाड्यातही फिरू लागल्या. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी त्या काळात शिकलेल्या ड्रायव्हरांचे पाय मात्र जुन्याच सवयीचे राहिले.

माझे मामा त्यांतलेच. खालचा गिअर घेताना ते क्लच दाबत, दांडा मध्ये आणत, क्लच सोडत, अॅक्सिलरेटरला एक झटका देत, पुन्हा क्लच दाबत आणि मग दांडा असा अलगद आत जाई की शेजारच्या म्हातारीच्या कडेवरचे पोर जागे होत नसे. याला डबल क्लच म्हणतात. सिंक्रोची पितळी कडी जे काम करते, ते मामा कानाने आणि पायाने करत. ‘गाडी काय सांगते ते ऐक, मग हात लाव,’ एवढेच त्यांचे शिकवणे.

आता माझ्या पिकअपकडे येतो. पहिल्या गॅरेजात सांगितले, ही पेटी भंगारात टाका, नव्या गाडीची पाच गिअरची बसवून देतो. मन त्या बाजूला झुकले होते. तेवढ्यात कुणीतरी मोंढ्याच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांचे नाव सुचवले. चाचांनी पाना हातातही घेतला नाही. म्हणाले, ‘डब्बा अभी नक्को खोलो साब, पहले सुनने दो.’

गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला: घरघर ऐकू आली. क्लच दाबला, घरघर थांबली. चाचा म्हणाले, म्हणजे दोष क्लचच्या बेअरिंगचा नाही. तो असता तर दाबल्यावर वाढला असता. क्लच दाबल्यावर पेटीतली चाके थांबतात आणि आवाजही थांबतो, म्हणजे आवाज पेटीतलाच. मग चालवून पाहिली. पहिल्यात आवाज, दुसऱ्यात आवाज, टॉपमध्ये जवळजवळ शांत. रेनोची युक्ती आठवा. टॉपमध्ये खालच्या जोडदांड्यावर ओझे नसते. ओझे आले की ओरडतो, म्हणजे दुखणे जोडदांड्याचे, बहुधा त्याच्या आतल्या सुईबेअरिंगांचे. आणि मी गाडी पाहिली ती जालना रोडवर, टॉप गिअरमध्ये! विकणाऱ्याने तोच रस्ता का सुचवला होता, ते तेव्हा उमगले.

पण न्यूट्रलमध्ये जी घरघर आता होती, ती घेताना का नव्हती? चाचांनी खालचा बूच काढला. तेल आले ते खिरीसारखे घट्ट, आणि त्यात लाकडाचा भुसा. झिजलेल्या पेटीत भुसा घातला की दात्यांमधली फट काही दिवस भरून निघते आणि आवाज दबतो. युक्ती फार जुनी आहे आणि जगभर चालते. घाटात तेल तापले, भुसा दळला गेला, सोंग उतरले. मला राग आला. चाचा मात्र हसले. पन्नास वर्षांत हा भुसा त्यांनी किती वेळा पाहिला असेल!

तेलही कमी होते. जीपच्या पेटीला लागूनच चारही चाकांना जोर वाटून देणारी दुसरी पेटी असते. मधले सील झिजले की पहिलीतले तेल दुसरीत जाते. मालक जमिनीवर तेलाचा डाग शोधत बसतो, आणि डाग कुठेच नसतो. भुसा नुसता झाकण्यासाठी नव्हता, कोरड्या पडलेल्या पेटीवरचा तो मलमही होता.

मग चाचांनी तळातले तेल फडक्यावर पसरले आणि त्यातून लोहचुंबक फिरवले. पोलादाचा बारीक चुरा चिकटला, पण मोठे तुकडे नव्हते. ‘दात साबूत हैं.’ फडक्यावर मागे राहिली ती पिवळी चमक, पितळेची. म्हणजे दुसऱ्या गिअरची कडी गेलेली. आजच्या काही गिअरतेलांत गंधक-फॉस्फरसची तीव्र द्रव्ये असतात. डिफरन्शिअलला ती मानवतात, पण पितळेला खातात. जुन्या पेटीत असले तेल घातले की कड्या लवकर झिजतात. ‘नव्वद नंबर’ एवढे विचारून तेल आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

गिअर निसटण्याचे कारण मात्र याहून साधे निघाले. पेटीला इंजिनाशी जोडणारे दोन बोल्ट ढिले होते, त्यामुळे ओझे आले की पेटी तिरकी होई. भरीला दांडा जागेवर धरून ठेवणारी कमान मऊ पडलेली. पेटी शेवटी उघडावी लागलीच, पण काय शोधायचे ते ठरवून उघडली. सुईबेअरिंगे, सील, कमान, बोल्ट नवे आले. दुसऱ्याची कडी मिळाली नाही. पहिल्या गॅरेजातल्या पाच गिअरच्या पेटीचा विषय मी पुन्हा काढला, तेव्हा चाचांनी माझ्या पायांकडे पाहिले. ‘डबल मारना आता नै क्या?’

येत नव्हते. मामांना पाहिले होते, पण स्वतः कधी केले नव्हते. सातारा परिसरातल्या एका मोकळ्या रस्त्यावर तीन सकाळी सराव केला. पहिल्या दिवशी कुत्री भुंकत मागे लागली, इतकी करकर. चौथ्या दिवशी पुन्हा दौलताबादचा घाट. तटाच्या दरवाजातून बाहेर आलो, क्लच दाबला, सोडला, झटका दिला, पुन्हा दाबला. दांडा आत गेला. कागजीपुऱ्यापर्यंत तो तिथेच राहिला. कडी अजून मिळालेली नाही, आणि मीही आता फारशी शोधत नाही.