पेणची कच्ची मूर्ती

मुंबईहून येणाऱ्या बोटी अंबा नदीच्या खाडीतून धरमतरला लागत, त्या काळी पेणचे भात आणि मीठ पाण्याच्याच वाटेने बाहेर पडे. पुढे मुंबई-गोवा रस्ता वाहता झाला, 1986 मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत पोचली आणि धरमतरला उतरणारे प्रवासी आटले. आता तिथे डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल घेऊन बार्ज येतात. पेणचे नाव मात्र दुसऱ्याच कच्च्या मालाने लांबवर गेले.

तो म्हणजे गणपती. 1893 नंतर सार्वजनिक उत्सव फोफावला, मुंबईत कोकणची माणसे वाढली आणि मागणीला अंत उरला नाही. देवधरांसारख्या घराण्यांनी पेणमध्ये नावारूपाला आणलेली ही कला हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत पसरली. इथे कार्यशाळेला सरळ ‘कारखाना’ म्हणतात. गुजरातेतून आलेला शाडू एकजण साच्यात दाबतो, दुसरा हात जोडतो, तिसरा पॉलिश पेपरने सांधे घासतो. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती ज्याच्या त्याच्या हाती देत नाहीत.

पण बऱ्याच मूर्ती आखणीपर्यंत इथे थांबतच नाहीत. रंग न दिलेली कच्ची मूर्ती पेंढ्यात नाहीतर कागदात बांधून गाडीत चढते आणि पीतांबराचा रंग ठरतो तो घेणाऱ्याच्या गावी. मॉरिशस, इंग्लंड, अमेरिकेकडच्या खोक्यांना तर कित्येक महिने आधी निघावे लागते. पेणचा व्यापार एवढा फैलावला याचे श्रेय कारागिरीइतकेच या अर्धवट सोडण्याला द्यायला हवे.

अखेरचा संस्कार तर कारखान्याच्या हातात कधीच नव्हता. चतुर्थीला यजमान मूर्तीच्या हृदयाला उजवा हात लावतो, गर्भाधानादी पंधरा संस्कारांसाठी पंधरा वेळा प्रणव म्हणतो, दूर्वेने डोळ्यांना तूप लावतो. तोवर तोंडावरून रुमाल घालून आणलेली ती नुसती मातीच. प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही. तेव्हा पाट आधीच नीट बसवलेला बरा! कोकणात अनेक घरांतून तो पाट आधीच मूर्तिकाराकडे पोचता होतो, म्हणजे मूर्ती घरच्या पाटावर बसूनच येते.

प्लास्टर ऑफ पॅरिस आले आणि हिशेब बदलला. ते हलके, लवकर सुकणारे, प्रवासात न तडकणारे, म्हणून दूरच्या गिऱ्हाइकाला सोयीचे. पाण्यात मात्र विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये त्यावर बंदीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा पेणचे कारखानदार हवालदिल झाले. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. त्यामुळे आता कृत्रिम तलाव शोधण्याचे काम घेणाऱ्याकडे आले आहे.