आपल्याच रक्ताचे औषध

बोट कापले म्हणजे घरातील वडीलधारी माणसे हळद दाबून धरावयास सांगतात. थोड्या वेळाने रक्त थांबते, पुढे खपली धरते आणि आठवडाभरात बोट पूर्ववत होते. हे इतके नित्याचे आहे की, हे काम केले कोणी, असा प्रश्न आपल्या मनात येत नाही. शास्त्रज्ञांच्या मनातही तो फार उशिरा आला. आज आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत ती याच प्रश्नाची सुमारे दीडशे वर्षांची हकीगत होय.

रक्तातील तांबड्या व पांढऱ्या पेशींबरोबर सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय बारीक, रंगहीन ठिपकेही दिसत. जर्मनीत माक्स शुल्त्से यांनी १८६५ साली त्यांची नोंद केली. परंतु तो फुटलेल्या पेशींचा कचरा असावा, अशी पुष्कळांची समजूत होती. ती खोडून काढली इटलीतील तुरीन येथील जूलिओ बित्सोत्सेरो यांनी. त्यांनी काचेवर वाळलेल्या थेंबावर विसंबून न राहता जिवंत प्राण्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील वाहते रक्त न्याहाळले. वाहिनीला इजा होताच हे ठिपकेच प्रथम धावून येतात, जखमेच्या कडेस चिकटतात व रक्ताची वाट बुजवितात, असे त्यांनी १८८२ साली दाखवून दिले. याच त्या रक्तबिंबिका. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी ज्यांची मोजदाद चालते, त्या प्लेटलेट्स त्याच.

तरीही बिंबिका म्हणजे भोकाला लावावयाचे बूच, एवढीच त्यांची योग्यता पुढे दीर्घकाळ मानली गेली. प्रयोगशाळेत पेशी वाढविण्यासाठी गोठलेल्या रक्तावर सुटणारा द्रव, म्हणजे सीरम, वापरीत असत. १९७४ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पाहिले की, रक्त गोठण्यापूर्वीच त्यातील पेशी व बिंबिका काढून तो द्रव तयार केला, तर त्यात रक्तवाहिनीच्या स्नायुपेशींची वाढ जवळजवळ खुंटते. आणि बिंबिकांतील द्रव्य मिसळले की वाढ पुन्हा सुरू होते. याचा अर्थ उघड होता. बिंबिका नुसती वाट बुजवीत नाहीत. फुटताना त्या आपल्या पोटातील द्रव्ये सोडतात व शेजारच्या पेशींना वाढीची आज्ञा देतात. गवंडी आणि मुकादम, दोन्ही एकच!

मग शस्त्रवैद्यांना सुचले ते ओघानेच आले. रक्त परक्याचे घेतले, तर त्याबरोबर काविळीसारखा रोग येण्याचे भय; तेव्हा रोग्याचेच रक्त का वापरू नये? १९८६ साली मिनेसोटातील डेव्हिड नाइटन यांनी वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमांवर रोग्याच्याच बिंबिकांतून काढलेली द्रव्ये लावून अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९८ साली मायामीच्या रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याचा भाग गमावलेल्या ८८ रोग्यांची हकीगत दिली. सर्वांच्या जबड्यात त्यांच्याच हाडाचे कलम केले होते. ४४ जणांच्या कलमात बिंबिकांनी दाट केलेला रक्तद्रव मिसळला होता. त्यांचे हाड अधिक लवकर पक्व झाले व अधिक घट्ट भरले.

कृती ऐकावयास सोपी आहे. रक्त काढून यंत्रात गरगर फिरवावयाचे. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, वरच्या पिवळसर द्रवातील बिंबिकांचा दाट भाग वेगळा काढावयाचा. २००१ साली फ्रान्समधील जोसेफ शुक्रून यांनी तर गोठणे रोखणारे औषधही वगळले आणि नळीतच तयार होणारी लवचिक गुठळी जखमेत ठेवली.

सोपेपणातच धोका होता. जे जबड्यात साधले ते गुडघ्यात, खांद्यात, टाचेत आणि टकलावरही साधेल, असे गृहीत धरून सुया टोचल्या जाऊ लागल्या. प्रमाण मात्र मागून आले. २०१० साली नेदरलँड्समध्ये टाचेमागील कंडरेच्या जुन्या दुखण्याच्या ५४ रोग्यांपैकी निम्म्यांना बिंबिका व निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले. २४ आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते. २०२१ साली ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या झिजेच्या २८८ रोग्यांवरही बारा महिन्यांनी लक्षणीय फरक दिसला नाही. उलट, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन, डेन्मार्क व स्वीडन येथील चाचणीत मधुमेह्यांच्या पायांच्या चिवट जखमांवर रोग्याच्याच रक्ताची चकती लावली, तेव्हा वीस आठवड्यांत ३४ टक्के जखमा भरल्या. केवळ नेहमीच्या उपचारांनी २२ टक्के. पाय वाचणे न वाचणे ज्यावर अवलंबून आहे, त्या रोग्याला हा फरक लहान नव्हे.

श्रोतेहो, या इतिहासाचे तात्पर्य आम्हांस असे वाटते. स्वतःचे रक्त म्हणजे परक्या रोगाचे भय नाही, हे खरे. परंतु ती गुणाची हमी नव्हे. फिरविण्याचा वेग, बिंबिकांची संख्या, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, हे सारे जागोजाग निराळे. तेव्हा एकाच नावाखाली अनेक औषधे विकली जातात. म्हणून उद्या कोणी हा उपचार सुचविल्यास आपण नम्रपणे विचारावे: माझ्या याच दुखण्यावर, याच पद्धतीने, तुलना करून पाहिले आहे काय? बित्सोत्सेरो यांनीही ऐकीव मतावर न विसंबता वाहत्या रक्ताकडे स्वतः पाहिले होते. तोच शिरस्ता रोग्यानेही पाळावा.