बिऱ्हाड, पावती आणि कायदा : सीमाभागातील भाडेकरूंची वाटचाल

आपल्या भागातील जुन्या वाङ्मयात ‘बिऱ्हाड’ हा शब्द पदोपदी भेटतो. नोकरीनिमित्त बेळगावास आलेला शिक्षक, कचेरीतील कारकून, शिक्षणासाठी खेड्यातून आलेली भावंडे, या सर्वांचे शहरातील पहिले पाऊल कोणाच्या तरी वाड्यातील दोन खोल्यांत पडले. ग्रंथालयांचे सभासदही बव्हंशी याच वर्गातले. परंतु या बिऱ्हाडकरूंचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. तो मुख्यतः कायद्याच्या पुस्तकांत आणि ट्रंकेच्या तळाशी जपलेल्या भाडेपावत्यांत सापडतो.

मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा आरंभ पहिल्या महायुद्धाच्या काळात झाला. मुंबईत कामगारांची दाटी वाढली, बांधकाम मंदावले आणि भाडी भडकली. त्यावर उपाय म्हणून १९१८ साली भाड्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात तीच परिस्थिती पुन्हा उद्भवली. स्वातंत्र्याच्या वर्षी झालेला १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा हा या प्रवासातील सर्वांत मोठा टप्पा होय. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई प्रांतातच होता.

या कायद्याने सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण भाडे मानले. भाडेकरू प्रमाण भाडे देत आहे व देण्यास तयार आहे, तोवर केवळ मालकाच्या मर्जीने त्यास बाहेर काढता येणार नाही, हे त्याचे मुख्य सूत्र होते. मालकास स्वतःच्या वापरासाठी जागेची खरी गरज असणे, भाडे थकणे, परस्पर पोटभाडेकरू ठेवणे, अशी कारणे न्यायालयात सिद्ध करावी लागत. पाणी, दिवाबत्ती यांसारख्या सोयी तोडण्यास मनाई होती. पागडी घेणे हा गुन्हा ठरला. मिळालेल्या भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. माणसे त्याच घरांत राहिली, पण त्यांच्यावरचे राज्य बदलले. मुंबईचा कायदा येथे आणखी काही वर्षे चालू होता. पुढे म्हैसूर राज्याचा १९६१ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि त्याची जागा त्याने घेतली. कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला. एकाच वाड्यातील एकाच कुटुंबाने एका आयुष्यात तीन कायदे पाहिले, असे येथे घडले आहे.

कायदा पुस्तकात असणे आणि तो भाडेकरूच्या हाती असणे यांत मात्र अंतर असते. याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने बालपणी घेतला. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते स्वतः जाऊन मालकांच्या हाती भाडे देत. मालक वयोवृद्ध व सज्जन. त्यांच्याकडे पावती मागणे वडिलांना अविश्वासाचे वाटे. मालक वारले आणि व्यवहार पुढील पिढीकडे गेला. लवकरच थकबाकीची नोटीस आली. आईच्या हिशेबाच्या वहीत प्रत्येक महिन्याची नोंद होती, पण त्या नोंदीखाली मालकांची सही नव्हती. भाडे देताना पाहिलेले शेजारी त्याच वाड्यातील बिऱ्हाडकरू. साक्षीस येण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. वकिलांनी वही चाळून ती मुकाट्याने परत दिली. अखेर तडजोड करून आम्ही ते घर सोडले. त्यानंतरच्या घरात वडील हयातभर मनीऑर्डरने भाडे पाठवीत. मालक समोरच राहात असूनही टपालखात्याची पावती फाईलला लागे. लोक हसत; वडील मात्र हसत नसत.

येथे मालकांची बाजूही नमूद करणे न्यायाचे आहे. १९४० च्या दराशी बांधलेल्या भाड्यात कौले बदलणेही परवडेना. भाड्यावरच उदरनिर्वाह चालविणाऱ्या विधवा घरमालकिणी आपल्या गावांतही होत्या. दुरुस्तीअभावी वाडे खचले, आणि अशी घरे भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे अनेकांनी पसंत केले. १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, भाडे असे गोठवून ठेवण्याच्या मुंबई कायद्यातील तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य झाल्याचे मत दिले. त्यानंतर महाराष्ट्रात १९९९ चा कायदा झाला व ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ करण्याची मुभा आहे. एकेकाळच्या संरक्षणाचे दुसऱ्यावरील ओझे झाले होते, हे मान्य केलेच पाहिजे.

आज भाडेकरूचे प्रश्न बदलले आहेत. कर्नाटकात ठरावीक मर्यादेहून अधिक भाड्याच्या जागा भाडे कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. तेथे मुख्यतः करारपत्र आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा यांवर भिस्त ठेवावी लागते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांचा करार सर्वत्र रूढ झाला. महाराष्ट्रात मात्र ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार कितीही मुदतीचा असला तरी लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. पुण्यामुंबईस नोकरीस जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा भेद ध्यानी ठेवावा. केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या नमुना कायद्यात राहत्या घराची अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे; परंतु तो स्वीकारणे हे त्या त्या राज्याच्या इच्छेवर आहे.

म्हणून घर घेताना समोरची व्यक्ती खरोखर मालक आहे की नाही, हे घरपट्टीच्या पावतीवरून व मालकीच्या कागदांवरून पाहावे. अनामत किती व ती केव्हा परत मिळणार, दुरुस्ती कोणी करावयाची, घर सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यावयाची, हे कराराच्या कागदावर असावे. भाडे बँकेमार्फत द्यावे. रोख दिल्यास त्याच वेळी सहीची पावती घ्यावी. प्रवेश करतानाच भिंती, नळ व दारे यांच्या स्थितीची यादी करून उभयतांनी सही करावी.

यात अविश्वास नाही. उलट दोन सज्जनांच्या पश्चातही त्यांचा शब्द टिकावा, यासाठीच ही लेखी व्यवस्था असते. ग्रंथालयात आपण पुस्तक नेतो तेव्हा नोंदवहीत सही करतो. त्याने ग्रंथपालाचा व आपला स्नेह उणावत नाही. माझ्या आईची ती वही आजही माझ्या कपाटात आहे. तिच्यातील प्रत्येक आकडा खरा आहे. त्या आकड्यांसमोर तेव्हा एक सही असती, तर आमचे ते बिऱ्हाड मोडले नसते.