रेणवीय प्ररूपण, रोगकारकांचे

एकाच जातीच्या रोगकारकांचे वाण जनुकीय रचनेवरून वेगळे ओळखण्याची पद्धत. जीवाणूंसाठी साधारण सात जनुकांचे क्रम ताडण्याची रीत १९९८ पासून रूढ झाली; आता संपूर्ण जनुकसंच वाचता येतो. प्ररूपणाआधीची पायरी, म्हणजे रोगकारकाची ओळख पटवणे, शेतकऱ्याला अधिक निकडीची. उदाहरणार्थ, जुन्नर-आंबेगावचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारात येतो. २०२० च्या उन्हाळ्यात या पट्ट्यातली फळे चट्टेरी होऊन बिघडली. या रोगाला ‘तिरंगा’ हे नाव पडले, संशय बियाण्यावर गेला. बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेला नमुन्यांत मुख्यतः काकडी मोझेक विषाणू आढळला. नुसत्या डोळ्यांनी हा निवाडा होत नाही. हा विषाणू मावा पसरवतो. जीवाणूनाशक फवारणीचा त्यावर काहीच उपयोग नसतो.