फ्रेमचा हिशेब आणि नाशिक

इफेक्ट म्हटलं की महागडा संगणक, जड सॉफ्टवेअर आणि मोठं बजेट डोळ्यांसमोर येतं. या कलेचा इतिहास मात्र उलटं सांगतो, आणि तो बघायला हॉलिवूडपर्यंत जायला नको, नाशिक पुरे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी मे १९१३ मध्ये मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लावला आणि त्याच वर्षी दादरचं बिऱ्हाड व कारखाना नाशकाला हलवला. त्यांच्या नाशिकच्या चित्रपटांत चमत्कार ठासून भरलेले आहेत. पण हे चमत्कार सुबत्तेतून आलेले नाहीत. टंचाई आणि एकेका फ्रेमचा काटेकोर हिशेब, या दोन गोष्टींनी ते घडवले. वेबसाठी मोशन ग्राफिक्स करणाऱ्यांचं आजचं कामही याच दोन गोष्टींवर चालतं.

हिशेबाची सुरुवात नाशिकच्या थोडी आधीची. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणल्यावर भांडवल घालणाऱ्याला पटवण्यासाठी फाळक्यांनी वाटाण्याचा दाणा पेरला आणि ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म केली. रोज एक फ्रेम, असं महिनाभर चालल्याचं नेहमी सांगितलं जातं. पण सेकंदाला सोळा फ्रेम धरल्या तर तीस फ्रेम म्हणजे जेमतेम दोन सेकंद. एवढ्यात रोप दिसायच्या आत संपेल. तेव्हा ‘रोज एक’ हे शब्दशः घेऊ नये. वाढ डोळ्यांत भरायची तर दिवसाला त्याहून जास्त फ्रेम लागणारच. दोन फ्रेममध्ये किती वेळ जाऊ द्यायचा, हा प्रश्न मात्र तेव्हाच पुढे उभा राहिला. पहिल्या महायुद्धात परदेशी कच्ची फिल्म दुर्मीळ आणि महाग झाली. मोठा चित्रपट हाती घेणं अवघड, तर १९१५ च्या सुमारास फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली: नट नाहीत, पोशाख नाहीत, एकेका फ्रेमगणिक थोड्या थोड्या सरकवलेल्या काड्या. तंगी होती म्हणून ही वाट सुचली.

पुढे १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. त्या वर्षीच्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये भयभीत कंसाचं मुंडकं धडापासून सुटून वर जातं. असं दृश्य तेव्हा कसं घेत, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. कॅमेऱ्याचं हँडल एकदा फिरवलं की साधारण आठ फ्रेम पुढे जात, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. दृश्याचा काही भाग काळ्या आडोशाने झाकायचा, हँडलचे फेरे मोजत चित्रण करायचं, भिंग बंद करून तेवढेच फेरे उलटे फिरवायचे, आणि आधी झाकलेला भाग उघडा ठेवून त्याच फिल्मवर दुसरं चित्रण करायचं. एक फेरा चुकला की दोन्ही चित्रं एकमेकांशी जुळत नसत, आणि फिल्म वाया. पूर्ववत करण्याची सोय नव्हती. धुलाई घरच्या अंधारात. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रं पाडण्यापासून डेव्हलपिंगपर्यंतची कामं केली, हे श्रेय कौतुकापुरतं राहू नये. इफेक्टची खरी परीक्षा धुलाईतच होई.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं उसनं होतं. होतंच. फ्रान्समध्ये मेलिएसने मुंडकी कधीच उडवली होती आणि एमिल कोलने १९०८ मध्ये आगकाड्या नाचवल्या होत्या. पण क्लृप्ती उसनी आणता येते, फेऱ्यांची मोजणी आणता येत नाही. ती आपल्या फिल्मवर, आपल्या उजेडात नव्याने बसवावी लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नाशिकची ती कंपनी १९३० च्या दशकात संपली, आणि आजची मुलं स्क्रीनवरच्या धड्यांतून शिकतात. मग फाळक्यांचा वारसा कसला? इथे गुरुशिष्यपरंपरा नाही, हे मान्य करायला हवं. फाळके स्मारक आहे म्हणून गावाच्या रक्तात ॲनिमेशन आहे, असली भाषणबाजी टाळलेली बरी. माझं म्हणणं वारशाचं नाही, कारणांचं आहे. अडचण तीच असली की उत्तरंही सारखी निघतात.

ते वेबवर स्पष्ट दिसतं. १९९३ मध्ये आलेल्या आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमधला मास्क म्हणजे तो काळा आडोसा, आणि लेयर म्हणजे एकावर एक केलेलं चित्रण. फाळक्यांना फिल्म पुरत नव्हती, तर सुरुवातीच्या इंटरनेटला वजन पेलवत नव्हतं. वेबवरच्या ॲनिमेशनसाठीचं फ्लॅश लोकप्रिय झालं ते प्रत्येक फ्रेमचं चित्र पाठवण्याऐवजी आकार आणि त्यांच्या हालचालीची माहिती पाठवता येत असल्यामुळे. २०२० अखेर फ्लॅश बंद झालं, पण ती काटकसर राहिली. २०१७ मध्ये आलेलं लॉटी हे साधन आफ्टर इफेक्ट्समधली हालचाल मजकुराच्या लहानशा फाइलीत उतरवतं. मधल्या फ्रेम आता संगणक भरतो, हा फरक मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन कीफ्रेममधलं, म्हणजे आपण ठरवून दिलेल्या दोन टप्प्यांमधलं, अंतर किती, सुरुवात संथ की झटक्यात, हे संगणकाला कुणीतरी सांगावं लागतं. न सांगितल्यास तो सरळ एका वेगाने सरकवतो, आणि असलं निर्जीव सरकणं कितीतरी वेबसाइटांवर दिसतं.

म्हणून नाशिकमधल्या मोशन ग्राफिक्सच्या वर्गांना एक सुचवणं आहे. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) बराचसा शिल्लक आहे. त्यातली बाळकृष्ण आणि नागाची झुंज मुलांना एकेक फ्रेम थांबवून दाखवा, आणि त्याच दिवशी तेवढ्याच सेकंदांची हालचाल मोजक्या कीफ्रेममध्ये बसवायला लावा.